नगरची लेक, पुण्याची सून

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं संपादक मंडळानं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. सोसायटीचा इतिहास लिहायचा तर कन्व्हेयन्स डीड, गळकी टाकी आणि पार्किंग या तीन प्रकरणांतच तो संपतो, आणि तिन्ही प्रकरणांत आपलेच शेजारी. रौप्यमहोत्सवी वर्षात जुन्या खपल्या कशाला काढा? मग म्हटलं, दुसरा कुठला इतिहास चालेल का? सी विंगमधल्या वहिनी म्हणाल्या, "चालेल की, पण महाराजांवर आणि पेशव्यांवर एकेक लेख आधीच आलाय." तेव्हा मी गेली काही वर्षं जिच्या मागे लागलो आहे त्या बाईबद्दल लिहितो. ती इंग्रज होती, म्हणजे स्वतःला तसं म्हणवून घ्यायची. जन्मली नगरला आणि तिचं लग्न झालं आपल्या पुण्यात.

तिचं नाव ॲना लिओनोवेन्स. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण ज्येष्ठ मंडळींपैकी बऱ्याच जणांनी तिला पडद्यावर पाहिलेलं आहे. 'द किंग अँड आय' हा १९५६ सालचा सिनेमा. सयामचा, म्हणजे आताच्या थायलंडचा, टक्कल केलेला राजा आणि त्याच्या मुलांना शिकवायला आलेली घेरदार झग्यातली गोरी बाई. राजा झाला होता युल ब्रायनर आणि बाई झाली होती डेबोरा कर. मी तो कॉलेजात असताना कॅम्पातल्या थिएटरात पाहिला. पुन्हा लागला होता तेव्हा, आणि सकाळच्या खेळाला तिकीट स्वस्त असायचं. बाई खानदानी आहे, सैन्यातल्या बड्या अधिकाऱ्याची विधवा आहे, थेट विलायतेतून आली आहे, असं तेव्हा मलाही वाटलं. वाटणारच. कारण जगालाही तसंच वाटत होतं, आणि तसं वाटावं याची तजवीज बाईनं स्वतः करून ठेवली होती.

तिनं सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी. जन्म १८३४ सालचा, वेल्समधल्या कार्नार्व्हन गावी. वडील क्रॉफर्ड नावाचे कॅप्टन, हिंदुस्थानात लढाईत पडले. पंधराव्या वर्षी ती आईकडे मुंबईला आली. नवरा मेजर लिओनोवेन्स, सिंगापूरला वाघाच्या शिकारीहून आल्यावर ऊन लागून वारला. वडिलांनी ठेवलेला पैसा सत्तावनच्या धामधुमीत आग्रा बँक बुडाली त्यात गेला, म्हणून बिचारीवर शिकवणीची वेळ आली.

ही गोष्ट शंभर वर्षं टिकली. सयामच्या दरबारावर तिनं स्वतः दोन पुस्तकं लिहिली, पहिलं १८७० साली. पुढं १९४४ साली मार्गारेट लँडन या अमेरिकन बाईंनी तिच्यावर कादंबरी लिहिली, त्यावरून १९५१ साली ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं आणि त्यावरून सिनेमा. इतक्या लोकांच्या हातून कागद गेला, पण मूळ कागद कुणी मागितला नाही. बँकेत आम्ही याला म्हणायचो, साहेबाची सही दिसली की खालचे सगळे डोळे मिटून सह्या करतात.

मूळ कागद मागितला तो एका कोळ्यांच्या अभ्यासकानं. कोळी म्हणजे जाळं विणणारे जीव, समुद्रावरचे नव्हेत. ब्रिस्टो नावाचे हे इंग्रज गृहस्थ कोळी शोधायला सयामला जात. तिथं त्यांना ॲनाचा मुलगा लुई याच्याबद्दल कुतूहल वाटलं, कारण लुई सयाममध्ये सागवानाच्या धंद्यात मोठा झाला होता आणि त्याच्या नावाची कंपनी तिथं होती. त्याचं चरित्र लिहायचं म्हणून त्यांनी आईचे कागद शोधायला घेतले. कार्नार्व्हनला अशी मुलगी जन्मल्याची नोंदच नाही. सैन्याच्या यादीत मेजर लिओनोवेन्स नाही. मग ते लंडनला कंपनी सरकारच्या दप्तरात गेले. तिथं एक फार उपयोगी गोष्ट आहे. मुंबई इलाख्यातल्या प्रत्येक छावणीतल्या पाद्र्यानं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींची नक्कल लंडनला पाठवायची, असा नियम होता. मूळ वही इकडं वाळवीनं खाल्ली तरी नक्कल तिकडं शाबूत. माझ्या नोकरीची पहिली दहा वर्षं अशाच नकला करण्यात आणि हेड ऑफिसला पाठवण्यात गेली. तेव्हा आम्ही त्या कामाला शिव्या घालायचो. आता त्या नियमाचं महत्त्व पटतं.

ब्रिस्टो यांचं पुस्तक १९७६ साली आलं. नंतर सुसान मॉर्गन आणि आल्फ्रेड हॅबेगर या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी आणखी खोल खणलं. मॉर्गनबाईंच्या पुस्तकाचं नावच 'बॉम्बे ॲना' आहे. या सगळ्यांनी मिळून जे बाहेर काढलं ते असं.

ॲन हॅरिएट एमा एडवर्ड्स हिचा जन्म २६ नोव्हेंबर १८३१ रोजी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला झाला. वडील थॉमस एडवर्ड्स मूळचे लंडनचे सुतार, लाकडी सामान बनवणारे. कंपनीच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत सार्जंट झाले. रस्ते करणं, पूल बांधणं, सुरुंग लावणं हे या पलटणीचं काम. आज खडकीला जे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं केंद्र आहे, ती याच पलटणीची पुढची पिढी. मुलगी जन्मायच्या तीन महिने आधीच एडवर्ड्स वारले.

आता आईकडे बघा. आई मेरी ॲन ग्लॅस्कॉट. तिचा जन्म १८१५-१६ चा, आणि ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये तिचं लग्न लागलं १५ मार्च १८२९ रोजी. म्हणजे नवरी तेरा-चौदा वर्षांची. पुढच्या वर्षी थोरली मुलगी एलायझा झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती विधवा झाली, पोटात दुसरं मूल. वय पंधरा-सोळा. बालविवाह फक्त आपल्याच वाड्यांत होत होते, असं आपण उगाच धरून चालतो. छावणीतल्या बराकीतही तेच चाललेलं होतं. फरक एवढाच की नगर-पुण्याच्या वाड्यातल्या पंधरा वर्षांच्या विधवेचं पुढं काय व्हायचं ते आपण जाणतो, आणि बराकीतल्या विधवेला मात्र शक्य तितक्या लवकर दुसरं लग्न करणं भाग असायचं, कारण नवऱ्याबरोबर शिधा आणि खोलीही जायची. मेरी ॲननं मुलगी झाल्यावर दीड महिन्यानं, ९ जानेवारी १८३२ ला, पॅट्रिक डोनोहो या आयरिश कॉर्पोरलशी लग्न केलं. तोही इंजिनिअरांच्याच खात्यातला. पुढं तो सार्वजनिक बांधकामाच्या कामावर पुण्याला आणि काही काळ एडनला होता. त्या काळात एडन मुंबई सरकारच्या ताब्यात होतं.

मेरी ॲनचे वडील विल्यम ग्लॅस्कॉट १८१० साली हिंदुस्थानात आले. मुंबई फौजेच्या चौथ्या नेटिव्ह इन्फन्ट्रीत लेफ्टनंट. अख्ख्या घराण्यात खरा अधिकारी म्हणावा असा हा एकच. त्यांची येण्याची नोंद आहे, पलटणीची आहे, मुलांची आहे. बायकोची नाही. नाव नाही, लग्नाची नोंद नाही, बाप कोण, गाव कोणतं, काही नाही. मॉर्गनबाई म्हणतात, नोंद नसणं हीच नोंद आहे. गोरी बायको असती तर पाद्र्यानं वळणदार अक्षरात लिहिली असती. ती बहुधा मिश्र वंशाची, इथंच जन्मलेली होती, असा त्यांचा तर्क आहे. मला तो पटतो. १८१५ च्या सुमारास म्हणजे पेशवाई अजून होती, शनिवारवाड्यात बाजीराव होते. त्या वेळी मुंबई फौजेतल्या तरुण अधिकाऱ्याला गोरी मुलगी मिळणं दुर्मिळ होतं, आणि इथल्या बाईबरोबर संसार थाटणं सर्रास. पण त्या संसाराची मुलं पुढं अडकायची. १७९१ सालापासून कंपनीचा नियमच होता की आई इथली असेल तर मुलाला कंपनीच्या मुलकी किंवा लष्करी सेवेत अधिकारपद मिळायचं नाही. मुलींना कुठलीच पदं नव्हती, पण लग्नाच्या बाजारात तोच नियम न लिहिता लागू होता. म्हणून लेफ्टनंटची मुलगी सुताराच्या घरी पडली.

मी नगरला होतो १९८४ ते ८७. शाखा गावात होती, पण आमची काही खाती छावणीतली, भिंगारकडची. वसुलीसाठी मोपेडवरून त्या बाजूला जायचो. किल्ला तिथंच. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीनं तो घेतला, आणि ४२ सालानंतर नेहरू, आझाद प्रभृती तिथं कैदेत होते, एवढं मला ठाऊक होतं. ॲनाचं नाव तेव्हा मी ऐकलेलं नव्हतं. म्हणजे जिचा सिनेमा पाहून मी टाळ्या वाजवल्या होत्या तिच्या जन्मगावी तीन वर्षं राहून मला पत्ता नाही. पुढं निवृत्तीनंतर कन्येनं अमेरिकेहून मॉर्गनबाईंचं पुस्तक आणलं तेव्हा पहिल्या काही पानांतच अहमदनगर हा शब्द दिसला आणि मी चष्मा पुसला.

तारखांचा छंद असणाऱ्यांसाठी सांगतो. ॲनाच्या जन्मानंतर महिन्याभरानं, डिसेंबर १८३१ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री नगरला येऊन राहिले. त्याच मिशनच्या सिंथिया फरारबाईंकडे नगरला पुढं सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला गेल्या, असं सांगितलं जातं. आणि सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. म्हणजे ॲना आणि सावित्रीबाई एकाच वर्षाच्या. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि तिथून दोन-अडीच मैलांवर लष्करात पुढच्याच वर्षी ॲना बोहल्यावर चढली. दोघी पुढं मास्तरणी झाल्या. एकीनं स्वतःच्या नावानं शाळा चालवली, शेण-दगड झेलले. दुसरीला शिकवण्यासाठी आधी नाव-गाव बदलावं लागलं. अशी तुलना करू नये हे कळतं मला, पण मनात आली ती आली.

ॲनाला मराठी येत असावी असं चरित्रकार म्हणतात. यावेल नाही तर काय! ज्या पोरीचं बालपण नगर-पुण्याच्या छावणीत गेलं, जिच्या घरी पाणी भरणारा, कपडे धुणारा, दूध घालणारा सगळे इथलेच, तिला मराठी न येणं अवघड. मला तर वाटतं तिची आजी तिच्याशी काय बोलत असेल हे शोधायला हवं, पण जिचं नावच नाही तिची भाषा कुठून सापडणार?

थोरल्या एलायझाचं लग्न १८४५ साली, पंधरावं लागलं न लागलं तोच, गुजरातेत डीसा छावणीत तोफखान्याच्या मिलार्ड नावाच्या सार्जंट-मेजरशी झालं. ॲनाला ते पसंत नव्हतं. तिनं स्वतः मात्र मनाजोगता मुलगा पाहिला. टॉमस लिऑन ओवेन्स, मूळचा आयर्लंडचा, कारकून. १८४९ च्या नाताळात पुण्यात त्यांचं लग्न लागलं. लग्नाच्या कागदावर नवऱ्यानं मधलं नाव आणि आडनाव जोडून 'लिओनोवेन्स' करून टाकलं. एका फटक्यात सामान्य ओवेन्स गेला आणि भारदस्त आडनाव आलं. आणखी एक गंमत. सावत्र बापानं या लग्नाला कडाडून विरोध केला, असं ॲना पुढं सांगायची. पण त्या कागदावर पॅट्रिक डोनोहोची सही आहे. माझी निम्मी नोकरी सह्या ताडून बघण्यात गेली. माणूस तोंडानं काय सांगतो यापेक्षा कागदाखाली कुणाची सही आहे ते आधी बघावं.

पुढचा काळ वाईट. १८५० च्या डिसेंबरात पहिली मुलगी सेलिना झाली. ती सतरा महिन्यांची होऊन गेली. १८५२ साली नवरा-बायको आणि ॲनाचा ग्लॅस्कॉट मामा असे सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला निघाले. जहाजावरच मुलगा झाला. मार्च १८५३ मध्ये ते पर्थला पोचले, तिथं तो मुलगाही तेरा महिन्यांचा असताना गेला. मग ॲव्हिस ही मुलगी आणि लुई हा मुलगा झाला, हे दोघे जगले. नवरा तिकडंही कारकूनच. ॲनानं पर्थला मुलींची शाळा काढून पाहिली, ती चालली नाही. १८५७ ला ते सिंगापूरला आले, तिथून टॉमस पेनांगला गेला, एका हॉटेलची व्यवस्था बघू लागला, आणि मे १८५९ मध्ये झटका येऊन वारला. वय तेहतीस. वाघ नाही, शिकार नाही.

इथं मला थांबावंसं वाटतं. सत्तावीस वर्षांची बाई, पदरात दोन लहान मुलं, दोन मुलं पुरलेली, परमुलुखात, पैसा नाही. तिच्यापुढं रस्ते कोणते? परत पुण्याला आईकडे जायचं, सहा महिन्यांत एखाद्या सार्जंटशी लग्न करायचं, म्हणजे आईनं केलं तेच. ती गेली नाही. तिनं सिंगापुरात अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि त्याच सुमारास तिचा जन्म वेल्सला झाला. नवऱ्याला मेजर केलं. बापाला कॅप्टन केलं. वय तीन वर्षांनी कमी केलं. जन्म नगरचा, आई अशी, आजी तशी हे सांगितलं असतं तर एकाही अधिकाऱ्यानं आपलं मूल तिच्याकडे पाठवलं नसतं. गोऱ्या लोकांत तेव्हा रक्ताची चौकशी आपल्याकडच्या सोयरिकीपेक्षा कडक असायची, आणि वेल्स इतकं लांब होतं की कोण बघायला जातंय?

आग्रा बँकेचं प्रकरण मात्र माझ्या हातून सुटायचं नाही. बाई म्हणते सत्तावनच्या धामधुमीत बँक बुडाली. आग्रा बँक सत्तावनमध्ये बुडाली नव्हती. तिचा व्यवहार बंद पडला १८६६ च्या जूनमध्ये, लंडनच्या बाजारात मोठा हाहाकार उडाला तेव्हा, आणि त्या वेळी ही बाई बँकॉकला राजाच्या पदरी चार वर्षं नोकरी करून बसली होती. पण खोटं बोलताना बँक निवडली ती पुढं खरोखर बुडणारी. ठेवीदारांत एवढी दूरदृष्टी असती तर आपल्याकडे किती संसार वाचले असते.

मी हे सगळं हसत लिहितोय, पण पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो नव्हतो. त्याला कारण आहे, ते आजवर घरच्यांखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. आमचे आजोबा पुण्यात आले १९१८ च्या आसपास. घरात आम्हाला सांगितलेलं असं की ते बुधवारातल्या एका सावकाराच्या पेढीवर कारकून होते, पेढी बसली म्हणून आम्ही गरीब झालो. वडील हे अभिमानानं सांगत, मी बँकेत लागलो तेव्हा पेढेवाल्यालाही म्हणाले, "घराण्यातच आहे हिशेब." नगरला असताना एका लांबच्या आजींकडे जेवायला गेलो. वय नव्वदीच्या पुढं, दृष्टी गेलेली. माझं आडनाव ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तू त्याचा नातू? अरे, तो पुण्यात आमच्या मामंजींच्या खानावळीत वाढपी होता. हात सढळ होता हो. विद्यार्थ्यांना तुपाची धार जरा जास्त सोडायचा, म्हणून बोलणी खायचा."

माझा घास घशात अडकला. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा, नुकताच ऑफिसर झालेलो, टाय बांधून जाणारा. राग आला, आजोबांचा नव्हे, वडिलांचा. इतकी वर्षं खोटं सांगितलं म्हणून. पुण्याला आल्यावर विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. नव्याण्णव साली वडील गेले. त्यांना खरं माहीत होतं की आजोबांनी त्यांनाही पेढीच सांगितली होती, हे आता कळायला मार्ग नाही. खानावळीतून उरलेलं अन्न घरी येत असेल, त्यावर वडील वाढले असतील, हेही नंतर लक्षात आलं. सार्जंटचा कॅप्टन आणि वाढप्याचा कारकून, बढतीचं प्रमाण जवळपास सारखंच.

असो. १८६२ साली सयामचा राजा मोंगकुट आपल्या राण्या-मुलांना इंग्रजी शिकवायला बाई शोधत होता. अट एकच, शिकवता शिकवता धर्म शिकवायचा नाही. सिंगापूरच्या सयामी वकिलातीतून ॲनाचं नाव गेलं. मुलीला तिनं विलायतेला शाळेत पाठवलं आणि मुलाला घेऊन बँकॉकला गेली. राजाला ऐंशीच्या वर मुलं, म्हणजे एक अख्खी शाळाच. पाच वर्षं तिनं शिकवलं, राजाचा इंग्रजी पत्रव्यवहारही सांभाळला. तिच्या हाताखालून गेलेला राजपुत्र चुलालाँगकॉर्न पुढं गादीवर आला आणि त्यानं गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं बंद केली. ते श्रेय बाई आपल्याकडे घेते. थायलंडच्या लोकांना ते मुळीच मान्य नाही, आणि तिनं राजाला जसं क्रूर आणि लहरी रंगवलं तेही मान्य नाही. मोंगकुट विद्वान माणूस होता, गादीवर येण्याआधी सत्तावीस वर्षं भिक्षू होता. तो सिनेमा तिथं बंद, १९९९ साली आलेला नवा सिनेमाही बंद. या बाबतीत माझं मत थायलंडच्या बाजूनं आहे. स्वतःच्या घराण्याला बढती देणं वेगळं आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याला खाली ओढणं वेगळं. पहिलं तिच्या पोटासाठी होतं, दुसरं पुस्तकं खपावीत म्हणून.

राजा १८६८ साली वारला तेव्हा ती रजेवर गेलेली होती. ती मग अमेरिकेत स्थायिक झाली, पुस्तकं आणि व्याख्यानं यांवर जगू लागली. मुलगी ॲव्हिसचं लग्न १८७८ साली टॉमस फाइश या स्कॉटिश गृहस्थाशी झालं. हा जावई कॅनडात बँक ऑफ नोव्हा स्कोशियाचा कॅशियर. थांबा, हसू नका; त्या काळी तिथं कॅशियर म्हणजे बँकेचा सर्वांत वरचा अधिकारी. आमच्या वेळच्या कॅशियरला हे वाचून बरं वाटेल. जावयाच्या घरी तिची ददात मिटली. हॅलिफॅक्स शहरात तिनं १८८७ साली कलाशाळा काढायला पुढाकार घेतला. ती संस्था आज विद्यापीठाच्या दर्जाची आहे. १९ जानेवारी १९१५ ला ती माँट्रियलला वारली. त्र्याऐंशी वर्षांची होती, घरच्यांच्या हिशेबानं ऐंशी.

१८८४ साली तिनं हिंदुस्थानातल्या प्रवासावर एक पुस्तक लिहिलं, रेल्वे येण्यापूर्वीच्या दिवसांचं. त्यात मुंबई आहे, घाट आहे, पुणं आहे. सगळं एखादी पाहुणी पाहते तसं. ज्या मातीत खेळली तिथं पाहुणी होऊन फिरायचं आणि एकदाही बोलण्यात चूक होऊ द्यायची नाही, हे किती अवघड असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो. १८५२ ला तिनं हा देश सोडला तो पुन्हा पाय ठेवला नाही. आईला, बहिणीला तोडलं ते कायमचं. एलायझाच्या मुलीचं लग्न प्रॅट नावाच्या माणसाशी झालं होतं. नातलगांपैकी कुणीतरी पुढं तिचा पत्ता काढून पत्र लिहिलं, तर तिनं कळवलं की पुन्हा संपर्क केलात तर मी जीव देईन. चरित्रात हे एका वाक्यात आहे. मला ते वाक्य वाचून त्या दिवशी पुढं वाचवलं नाही.

त्याच प्रॅटांचा धाकटा मुलगा विल्यम हेन्री, जन्म १८८७, लंडनचा. म्हणजे एलायझाचा नातू. तो नट व्हायला घरातून निघून गेला आणि त्यानंही नाव बदललं: बोरिस कार्लोफ. हो, तोच, 'फ्रँकेन्स्टाइन'मधला राक्षस. सिनेमा आला नोव्हेंबर १९३१ मध्ये, म्हणजे नगरच्या छावणीत ॲना जन्मली त्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा. नगरच्या त्या बराकीतून एक राजाची मास्तरीण निघाली आणि एक राक्षस. दोघांनाही जगानं डोक्यावर घेतलं, पण दोघं नात्यातली आहेत हे त्यांच्या हयातीत कुणाला कळलं नाही.

मागच्या दिवाळीत नातवाला शाळेसाठी घराण्याची वंशावळ करायची होती. मी जुनी वंशावळ काढली. नऊ पिढ्या, सगळे पुरुष. आमच्या पणजीचं नाव मलाही आठवेना. चुलतभावाला नागपूरला फोन केला, त्यानं त्याच्या आत्याला विचारलं, तेव्हा कळलं, यमुना. तिच्या आधीच्या बायकांची नावं कुणालाच सांगता आली नाहीत. नातवानं तिथं रिकामे चौकोन काढून ठेवलेत. आजोबांच्या चौकटीत त्यानं विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" मी म्हटलं, "वाढपी लिही." सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग संध्याकाळी सगळ्यांना बसवून नगरच्या आजींची गोष्ट सांगितली, तुपाच्या धारेसकट.

मॉर्गनबाईंचं पुस्तक माझ्याकडे आहे. इंग्रजी सोपं आहे, चित्रंही आहेत. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी बी विंगमधून घेऊन जावं. मात्र नाव आणि तारीख वहीत लिहून न्यायची आहे, आणि सही स्वतःची करायची आहे.